भूतानमध्ये क्रौंच बघायला जाताना: आधी पक्षी, मग तारीख, मग तिकीट

भूतानहून परतलेल्या पक्षीमित्रांना मी एकच प्रश्न विचारतो: काळ्या मानेचे क्रौंच नीट बघितले का? उत्तरं ठरलेली असतात. "आम्ही गेलो तेव्हा आलेच नव्हते." "दुपारी पोचलो, लांबवर ठिपके दिसले, सकाळी नाश्ता करून निघालो." "पुनाखात फक्त किल्ला झाला, नदीवर थांबायला वेळच नव्हता." यातल्या एकाही उत्तरात नशिबाचा दोष नाही. दोष क्रमाचा आहे. आपण आधी सुट्टी बघतो, मग तिकीट काढतो, मग ठिकाणं जोडतो आणि शेवटी विचारतो, की तिथे कोणते पक्षी दिसतील. हा क्रम उलटा फिरवायचा, एवढंच या लेखाचं काम आहे.

पुढचं सगळं पश्चिम आणि मध्य भूतानबद्दल, म्हणजे पारो, पुनाखा आणि फोबजिखा यांबद्दल आहे. मुक्काम ८ रात्रींचा, काळ नोव्हेंबरचा मध्य ते डिसेंबरचा पहिला आठवडा.

टप्पा १: तारीख पक्ष्यांकडून घ्या, कॅलेंडरकडून नको

सर्वांत जास्त सहली इथेच फसतात. आपल्याकडे सुट्टी म्हणजे दिवाळी, आणि दिवाळी दरवर्षी सरकते. २०२५ मध्ये ती ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती, २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येतं, २०२७ मध्ये २९ ऑक्टोबरला. क्रौंच तिबेटच्या पठारावरून थंडीच्या हिशेबाने निघतात. फोबजिखाच्या खोऱ्यात पहिले पक्षी साधारण ऑक्टोबरच्या शेवटी उतरतात, नोव्हेंबरभर त्यांची संख्या वाढत जाते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ते परततात. ऑक्टोबरातल्या दिवाळीला जोडून गेलात तर बहुतेक वेळा रिकामी दलदल बघाल. मी पहिल्या वेळी तेच केलं. तीन दिवस खोऱ्यात फिरलो. खोरं सुंदर होतं, पण ज्यांच्यासाठी गेलो ते अजून वाटेतच होते.

त्यामुळे १५ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर हा पट्टा धरा. क्रौंच चांगल्या संख्येने आलेले असतात, पाऊस संपलेला असतो, हवा स्वच्छ असते, आणि घाटमाथ्यांवर रस्ते अडवणारी बर्फवृष्टी सहसा सुरू झालेली नसते. उंचावरचे अनेक पक्षीही थंडीमुळे खाली सरकलेले असतात. त्यांच्यासाठी डोंगर चढत बसावं लागत नाही, ते रस्त्याच्या कडेला भेटतात.

११ नोव्हेंबरला फोबजिखाच्या खोऱ्यातल्या गांगते मठाच्या अंगणात क्रौंच महोत्सव असतो. १९९८ पासून तो भरतो. शाळकरी मुलं क्रौंचांची सोंगं घेऊन नाचतात, गावंच्या गावं जमतात. तो बघायचा असेल तर जरूर जा, पण मग खोली काही महिने आधी धरा आणि त्या दिवशी निवांत पक्षीनिरीक्षण होईल अशी आशा ठेवू नका. महोत्सव आणि पक्षी दोन्ही हवे असतील, तर १० तारखेला खोऱ्यात पोचून १४ पर्यंत राहा.

*तपासा:* सुट्टी मंजूर करून घेण्याआधी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर फोबजिखाच्या गेल्या काही वर्षांतल्या नोंदी तारखेनुसार बघा. तुमच्या आठवड्यात क्रौंच किती नोंदले गेले, हे पाच मिनिटांत कळतं.

टप्पा २: यादी छोटी करा आणि खरी करा

भूतानमध्ये ७०० हून जास्त जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. हा आकडा वाचून माणसं दोनशे नावांची यादी घेऊन निघतात. त्यातली बरीचशी नावं एप्रिल-मेमधली असतात. सॅटिर ट्रॅगोपॅन हा रानकोंबड्यासारखा पक्षी वसंतात ओरडतो, म्हणून सापडतो. वॉर्ड्स ट्रोगॉनसारख्या पक्ष्यांसाठीही लोक मुद्दाम वसंतात जातात. नोव्हेंबरात जंगल बरंचसं मुकं असतं. पक्षी गात नाहीत, मिश्र थव्यांनी फिरतात. पंधरा मिनिटं काहीच नसतं, मग एका झाडावर एकदम आठ-दहा जाती उतरतात आणि दोन मिनिटांत पुढे निघून जातात. सह्याद्रीत हिवाळ्यात फिरणाऱ्यांना हे ओळखीचं आहे. इथे फक्त थव्यातली नावं नवी असतात.

माझ्या मते उशिरा शरदातल्या सहलीची यादी तीन भागांत करावी.

पहिला भाग, ज्यांच्यासाठी दिवस राखून ठेवायचे: काळ्या मानेचा क्रौंच, पांढऱ्या पोटाचा बगळा, नदीच्या गोट्यांमधला वाकड्या चोचीचा इबिसबिल आणि पारोजवळच्या चेले ला घाटातले मोनाल व ब्लड फेझंट हे रानकोंबड्यासारखे पक्षी.

दुसरा भाग, जे योग्य जागी उभं राहिलं की बहुतेक दिसतात: नदीवरचे पांढऱ्या टोपीचा आणि शिशाच्या रंगाचा असे दोन्ही थिरथिरे, तपकिरी डिपर, तुरेवाला मोठा खंड्या, चक्रवाक, पिवळ्या चोचीचा ब्ल्यू मॅगपाय, ठिपकेदार नटक्रॅकर.

तिसरा भाग म्हणजे मिश्र थव्यांतले पक्षी: लाफिंगथ्रश, युहिना, टिट, फुलव्हेटा, मिनला. यांची नावनिशीवार यादी करू नका. त्याऐवजी घरी बसून त्यांचे आकार आणि थव्यात एकमेकांना दिलेल्या हाका ओळखायला शिका. पक्षी ओळखून देणाऱ्या मर्लिन ॲपमध्ये या भागाचा संच आधीच उतरवून ठेवा, कारण घाटांत नेटवर्क जातं.

*सावध:* पांढऱ्या पोटाचा बगळा जगात शंभराच्याही खूप खाली उरला आहे आणि त्यांतले मोजकेच भूतानमध्ये आहेत. "हमखास दाखवतो" असं कोणी म्हणालं तर त्याच्या बाकीच्या आश्वासनांकडेही त्याच नजरेने बघा.

टप्पा ३: दिवस मोजू नका, पहाटा मोजा

भूतानचं घड्याळ आपल्यापुढे अर्धा तास आहे. नोव्हेंबरच्या मध्यात तिथल्या वेळेनुसार साधारण सव्वासहा-साडेसहाला सूर्य उगवतो आणि सव्वापाचपर्यंत मावळतो. म्हणजे उजेड जेमतेम अकरा तास, आणि त्यातले पक्ष्यांसाठी मोलाचे पहिले तीन आणि शेवटचे दीड. प्रवास कंपनीच्या ठरलेल्या कार्यक्रमात मात्र नाश्ता आठला आणि निघणं नऊला असतं. अशा कार्यक्रमात ८ रात्री राहूनही तुमच्या पदरात एकही पहाट पडत नाही.

म्हणून कागदावर तारखांऐवजी पहाटा लिहा आणि प्रत्येक पहाटेसमोर एकच जागा. ८ रात्रींच्या पहाटा मी अशा वाटतो:

पारोत १ रात्र. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून थिंफू-पुनाखा वाटेवरचा दोचुला घाट.
पुनाखात २ रात्री. दोन पहाटा नदीवर.
फोबजिखात ३ रात्री. तिन्ही पहाटा दलदलीच्या काठावर, शेवटची निघण्याआधी.
परत पारोत २ रात्री. एक पहाट चेले ला, एक राखीव.

या क्रमामागे उंचीचा हिशेब आहे. पारो साधारण २,२०० मीटरवर, पुनाखा १,२०० वर, फोबजिखा २,९०० च्या आसपास आणि चेले ला जवळजवळ ४,००० मीटरवर. आधी खाली उतरून, मग मधल्या उंचीवर तीन रात्री काढून शेवटी घाट चढला की शरीर साथ देतं. पारोला उतरल्यावर दुसऱ्याच सकाळी चेले ला ठेवणं ही अगदी नेहमीची चूक आहे. अंतर फक्त ३५ किलोमीटर आणि दीड तासाचं, म्हणून मोह होतो. मग डोकं धरून गाडीत बसलेल्या माणसाला मोनाल दाखवावा लागतो. उंचीवरच्या आजारासाठीच्या गोळ्या घ्यायच्या की नाही हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. मधुमेह, रक्तदाब किंवा सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर नक्कीच.

आणखी एक मोह आवरा: "आलोच आहोत तर बुमथांगही करू." ते आणखी पूर्वेला आहे. ८ रात्रींत ते बसवलं तर फोबजिखाच्या दोन पहाटा जातात. मी ते करणार नाही, तुम्हीही करू नका.

*तपासा:* नकाशावरच्या किलोमीटरवर विसंबू नका. पारो ते थिंफू सव्वा ते दीड तास, थिंफू ते पुनाखा अडीच ते तीन, पुनाखा ते फोबजिखा पुन्हा तेवढेच. पक्षी दिसला की थांबणार असाल तर प्रत्येक आकड्यात दीड-दोन तास मिळवा.

टप्पा ४: कागदपत्रं आणि नावाचा घोळ

भारतीय नागरिकांना भूतानसाठी व्हिसा लागत नाही, प्रवेश परवाना लागतो. त्यासाठी किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. आधार चालत नाही, पॅन चालत नाही, वाहन परवाना चालत नाही. विमानतळावर आधार दाखवून अडलेली माणसं मी स्वतः बघितली आहेत. १८ वर्षांखालच्या मुलाकडे पासपोर्ट नसेल तर मूळ जन्मदाखला आणि सोबत पालक हवेत. दाखला इंग्रजी मजकूर असलेला घ्या.

आपल्या नावांची एक खास अडचण आहे. पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा पतीचं नाव एकाच रकान्यात असतं, मतदार कार्डावर ते वेगळं लिहिलेलं असतं, आणि विमानाचं तिकीट काढताना आपण मधलं नाव गाळतो. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत तर पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि तिकीट सासरच्या नावाचं असंही घडतं. एकच ओळखपत्र निवडा. परवाना, तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग या तिन्हींत त्यावरचं नाव अक्षर न अक्षर तसंच घाला.

शाश्वत विकास शुल्क, म्हणजे भूतान सरकार पर्यटकांकडून घेतं ते शुल्क, भारतीयांसाठी माणशी दर रात्री १,२०० रुपये आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना नाही. दोघांचे ८ रात्रींचे १९,२०० रुपये होतात. खोली, गाडी, जेवण यांचा खर्च वेगळा. हे शुल्क धरूनच बजेट करा. नंतर कळलं की माणसं रात्री कमी करतात आणि नेमक्या फोबजिखाच्या कमी करतात. अमेरिका, युरोप किंवा आखातात राहणाऱ्या मंडळींनी लक्षात घ्यावं, की सवलत राहण्याच्या देशावर नाही, पासपोर्टवर ठरते. परदेशी पासपोर्ट असलेल्या नातेवाइकाला व्हिसाही लागतो आणि शुल्क रात्रीला १०० डॉलर पडतं. एकाच गाडीतल्या दोन बहिणींचे हिशेब म्हणूनच वेगळे निघू शकतात.

*तपासा:* निघण्याच्या आदल्या आठवड्यात परवान्याची छापील प्रत हातात घेऊन बघा: नाव, क्रमांक, तारखा. पुनाखा आणि फोबजिखाकडे जाण्यासाठी आणखी काही परवानगी लागणार आहे का, हे गाइडकडून लेखी विचारून घ्या. थिंफू सोडल्यावर होंग्त्शो इथे तपासणी नाका आहे. पहाटे तिथे अडकलात तर दोचुलाची पहाट गेलीच.

टप्पा ५: गाइड निवडणं

पारो-थिंफूच्या पलीकडे परवानाधारक गाइड सोबत घ्यावा लागतो. बरेच जण कंपनी देईल तो गाइड घेतात. तो माणूस चांगला असतो, मठांची माहिती त्याला उत्तम असते, पण थव्यातला वार्बलर दाखवणं हे त्याचं काम नाही. पक्ष्यांचा गाइड वेगळा मागावा लागतो आणि त्याचे दिवसाचे पैसेही जास्त असतात. या सहलीत एकाच गोष्टीवर जास्त खर्च करायचा असेल तर तो इथे करा. हॉटेलचा एक तारा कमी झाला तरी चालेल.

पक्का करण्याआधी फोनवर पाच प्रश्न विचारा. गेल्या नोव्हेंबरात फोबजिखात किती वेळा गेला होता? स्वतःचा स्पॉटिंग स्कोप (तिवईवरची लांब पल्ल्याची दुर्बीण) आहे का? पहाटे पाचला निघायला चालक तयार आहे का, आणि ते भाड्यात धरलं आहे का? नाश्ता डब्यात मिळेल का? पांढऱ्या पोटाचा बगळा हल्ली नदीच्या कोणत्या टप्प्यात दिसतो? शेवटच्या प्रश्नाला तो नदीचं नाव, पूल, वळण असं बोलू लागला तर माणूस बरोबर आहे.

गट चार जणांचा ठेवा, फार तर सहा. चालकाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, की "थांबा" म्हटलं की ब्रेक दाबायचा नाही, हळू थांबायचं, आणि दार आपटायचं नाही. मागे गाडी असेल तर आधी बाजूला घ्यायची. ही छोटी गोष्ट पूर्ण आठवड्यावर परिणाम करते.

टप्पा ६: जाणं-येणं

विमानाने जाणार असाल तर दिल्ली, कोलकाता किंवा बागडोगराहून पारो. पारोची धावपट्टी डोंगरांमध्ये आहे आणि तिथे विमान वैमानिकाच्या डोळ्यांवर, फक्त दिवसाउजेडी उतरतं. दुपारी वारा वाढतो, म्हणून बहुतेक उड्डाणं सकाळची. हवा बिघडली की उड्डाण पुढे जातं. त्यामुळे मुंबई किंवा पुण्याचं पुढचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका. वेगवेगळ्या तिकिटांवर जोडलेला प्रवास चुकला तर पैसे परत मिळत नाहीत. परतीच्या वाटेवर दिल्लीत किंवा कोलकात्यात एक रात्र धराच. दिल्लीहून जाताना डाव्या बाजूची खिडकी मागा, स्वच्छ हवेत एव्हरेस्टपासूनची रांग दिसते.

रस्त्याने जाणार असाल तर बागडोगरापर्यंत विमान आणि पुढे गाडीने चार-पाच तासांवर सीमेवरचं जयगाव. रेल्वेने हासीमारा स्टेशन सर्वांत सोयीचं, सियालदाहून कांचनकन्या एक्स्प्रेस तिथे थांबते. सीमा ओलांडली की भूतानमधलं फुंतशोलिंग. त्या रात्री तिथेच राहा. फुंतशोलिंग ते पारो पाच-सहा तास लागतात, आणि ती वाट उष्ण झाडीतून थंड डोंगरात चढते. ती अंधारात काढणं म्हणजे एक अख्खा पक्षीदिवस फुकट घालवणं. या मार्गाने आलात तर दोन रात्री वाढवा. फोबजिखातून कापू नका.

टप्पा ७: सामान, थंडीच्या हिशेबाने

फोबजिखात नोव्हेंबरच्या रात्री पारा शून्याखाली जातो. पहाटे दलदलीवर दव गोठलेलं असतं आणि तुम्हाला तिथे दोन तास हालचाल न करता उभं राहायचं असतं. ट्रेकला लागणारे कपडे आणि उभं राहायला लागणारे कपडे यांत फरक आहे. महाबळेश्वरचा स्वेटर इथे पुरत नाही. आत थर्मल, मधे लोकर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारं जाड जाकीट. दोन जोड लोकरी मोजे, कान झाकणारी टोपी, आणि बोटं उघडता येतील असे हातमोजे, नाहीतर दुर्बिणीचं चाक फिरवता येत नाही. रंग मातकट, हिरवा, राखाडी. लाल-पिवळी जाकिटं घरी ठेवा.

दुर्बीण ८×४२ पुरेशी. प्रत्येकाची स्वतःची हवी, नवरा-बायकोत एक नको. नेमका पक्षी उडतो तेव्हा दुर्बीण दुसऱ्याच्या गळ्यात असते. स्कोप गाइडकडे असेल तर आणू नका.

कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या थंडीत झपाट्याने उतरतात. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. आणि बाहेरून आल्यावर कॅमेरा लगेच बुखारीच्या (लाकडाच्या शेगडीच्या) गरम खोलीत काढू नका, भिंगांवर आतून-बाहेरून पाणी धरतं. बॅगेची चेन लावून अर्धा तास तशीच राहू द्या.

पहाटेच्या खाण्यासाठी घरचा फराळ घ्या. चिवडा, शंकरपाळे, लाडू थंडीत टिकतात, हातमोजे घालूनही खाता येतात आणि तिथल्या जेवणावर भागत नसलेल्या शाकाहारी माणसाला दिलासा देतात. मिरची-चीजची एमा दात्शी तिथे सगळीकडे मिळते, पण सकाळी पाचला नाही. एक थर्मास आणि कपाळाला बांधायचा दिवाही विसरू नका.

पैशांचं सोपं आहे. भूतानचं न्गुलत्रुम आपल्या रुपयाच्या बरोबरीचं आहे आणि रुपये चालतात. यूपीआय काही ठिकाणी चालतं, पण खोऱ्यातल्या घरगुती मुक्कामासाठी शंभराच्या नोटा जवळ ठेवा. बँकेचे ओटीपी येतील एवढं रोमिंग निघण्याआधी चालू करा, बोलण्यासाठी तिथलं सिम घ्या.

*सावध:* ड्रोन नेऊ नका. परवानगीशिवाय उडवायला बंदी आहे, आणि क्रौंचांच्या खोऱ्यात तर तो विचारही नको.

टप्पा ८: प्रत्यक्ष जागेवर

*दोचुला.* पारोहून चार-साडेचारला निघालात तर उजेडाबरोबर घाटावर असता. १०८ छोर्तेनांजवळ (बौद्ध स्तूपांजवळ) फोटोसाठी थांबू नका, ते नंतरही तिथेच असतात. आधी रस्त्याच्या कडेने खाली चालत जा. गाडी मागून येऊ द्या. मिश्र थवा लागला की त्याच्यामागे धावू नका. तो कोणत्या दिशेने सरकतो आहे ते बघून चाळीस-पन्नास पावलं पुढे जाऊन उभे राहा, थवा तुमच्यावरून जातो. सूर्य चढला की थवे विरळ होतात. मग चहा.

*पुनाखा.* फो छू आणि मो छू या नद्यांचा संगम किल्ल्यापाशी आहे. पांढऱ्या पोटाचा बगळा दगडगोट्यांच्या काठावर एकटा, तासन्‌तास न हलता उभा असतो आणि राखाडी दगडांत विरघळून जातो. गाडीतून बघत जाऊन तो सापडत नाही. रस्त्यावरून नदीचा दिसेल तेवढा टप्पा स्कोपने डावीकडून उजवीकडे, मग उलट, असा दोनदा विंचरा. मग पुढचं वळण. राखी बगळ्याशी गल्लत होते. राखी बगळ्याची मान फिकट असते. याची मान गडद राखाडी, चोच लांब आणि काळपट, आकार कितीतरी मोठा, आणि पोटाचा पांढरा रंग मानेपासून स्पष्ट तुटलेला. सापडला की रस्त्यावरच थांबा. नदीत उतरायचं नाही, जवळ जायचं नाही. तो लांबूनच बुजतो, आणि इतक्या थोड्या उरलेल्या पक्ष्याचं एकही भक्ष्य आपल्यामुळे सुटू नये. जागेचा नेमका पत्ता समाजमाध्यमांवर टाकू नका.

दुसरी पहाट मो छूच्या वरच्या अंगाला, ताशिथांगच्या दिशेने काढा. खंड्या, थिरथिरे, डिपर तिथे जवळून दिसतात. कड्यांवर आग्या मोहोळासारखी मोठी पोळी दिसली तर थांबून बघा. पिवळ्या कंबरेचा हनीगाइड अशाच पोळ्यांपाशी असतो. कड्याखाली थेट उभे राहू नका.

*फोबजिखा.* इथे पहिल्या संध्याकाळीच काम सुरू होतं. क्रौंच दिवसभर शेतांत आणि बुटक्या बांबूच्या पट्ट्यात चरतात, आणि अंधार पडण्याआधी गटागटाने दलदलीतल्या उथळ पाण्यात उतरतात. कोल्हे-कुत्र्यांपासून पाणी त्यांना राखतं. कोणत्या बाजूने येतात आणि कुठे उतरतात, हे पहिल्या संध्याकाळी रस्त्यावरून नीट बघून घ्या. दुसऱ्या दिवशी उजाडण्याच्या अर्धा तास आधी, त्या जागेपासून लांब, पायवाटेवरच उभे राहा. आधी आवाज येतो. मग दवाच्या धुरकट थरात माना दिसू लागतात. ऊन लागेपर्यंत ते हलत नाहीत, मग एकेक कुटुंब उठतं. आई, वडील आणि मानेवर तपकिरी छटा असलेलं एखादं पिल्लू असे तिघे एकत्र उडताना मोजा. घाई करणारे नेमके या वेळी पाय आपटत गाडीकडे निघालेले असतात.

दुसऱ्या सकाळी क्रौंच केंद्रात जा. भूतानच्या रॉयल सोसायटी फॉर प्रोटेक्शन ऑफ नेचर या संस्थेचं ते केंद्र आहे. तिथल्या स्कोपमधून, काचेमागून, ऊब घेत चरणारे पक्षी बघता येतात. मुलांना आणि ज्येष्ठांना हीच जागा योग्य.

खोऱ्याचे नियम सोपे आहेत आणि आपलेच लोक ते मोडताना दिसतात, म्हणून स्पष्ट लिहितो. दलदलीत पाय ठेवायचा नाही. उडतानाचा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवायच्या नाहीत. पक्षी माना उंच करून तुमच्याकडे बघू लागले की तुम्ही जास्त जवळ आला आहात, तिथूनच मागे फिरा. या खोऱ्यात क्रौंचांना तारा लागू नयेत म्हणून वीज जमिनीखालून आणली आहे. आपल्याला फक्त दोनशे पावलं लांब उभं राहायचं आहे.

*चेले ला.* पहिल्या पर्यटक गाडीच्या आधी वर पोचलं पाहिजे. मोनाल, ब्लड फेझंट आणि खालच्या वळणांवर कलिज पहाटे रस्त्याच्या कडेला चरायला येतात आणि वर्दळ सुरू झाली की झाडीत जातात. गाडी हेच तुमचं लपण आहे. काचा खाली, इंजिन बंद, आत बसूनच बघा. एकाने दार उघडलं की सगळ्यांचा पक्षी गेला. सावलीतल्या वळणांवर बर्फाचा पातळ थर असतो, चालकाला घाई करायला सांगू नका. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर पक्षी असो वा नसो, खाली उतरा.

टप्पा ९: रोज संध्याकाळी अर्धा तास

जेवणाआधी गाइडबरोबर दिवसाची यादी वाचून काढा. कोणी काय बघितलं, कशावरून ओळखलं. शंका असलेला पक्षी शंकेसहच लिहा. क्रौंचांची संख्या, त्यात पिल्लं किती, बगळा दिसला तर काय करत होता, हे त्याच दिवशी लिहिलं नाही तर तिसऱ्या दिवशी सगळ्या पहाटा एकमेकींत मिसळतात. उद्याची निघण्याची वेळ, डबा आणि चालकाचा फोन याच अर्ध्या तासात पक्का करा.

टप्पा १०: शेवटची सकाळ

राखीव पहाट विमानाच्या दिवशी येते, तेव्हा लोक ती बॅगा भरण्यात घालवतात. बॅगा आदल्या रात्रीच भरा. पारोची धावपट्टी पारो छूच्या काठाने जाते आणि याच नदीच्या गोट्यांमध्ये इबिसबिल असतो. राखाडी अंग, काळा चेहरा आणि खाली वाकलेली लाल चोच. तोही दगडांत मिसळून जातो, पण पाण्यात मान घालून चरताना हलतो, तेव्हा सापडतो. पुलाच्या एका बाजूला थांबून उथळ धारांकडे अर्धा तास बघा. त्यासाठी दुर्बीण विमानात टाकायच्या मोठ्या बॅगेत नको, गळ्यात हवी.